ॲलर्जीचा रकाना

माझं पोट इतरांच्या चुका काढण्यावर चालतं. सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या एका औषधं बनवणाऱ्या कंपनीत मी कागद तपासते. कोणी किती वाजता काय मोजलं, ते खरंच मोजलं की जेवून आल्यावर आठवेल तसं लिहून टाकलं, हे शोधून काढणं माझं काम. मी या कामात चांगली आहे आणि ते मला पुरेपूर माहीत आहे. नव्याने लागलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की चूक झाली तर चालेल, खोटं लिहिलेलं चालणार नाही. सांगताना आवाज जरा चढतोच. एकदा एका मुलीनं न घेतलेलं तापमान घेतलं म्हणून लिहिलं होतं. "हे औषध उद्या तुझ्या घरच्या कुणी घेतलं तर?" असं मी तिला सगळ्यांसमोर विचारलं आणि ती रडली. त्या दिवशी घरी येऊन मी हा पराक्रम नवऱ्याला चहा पिता पिता ऐकवला होता.

हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना मला आडोसा नको.

आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई दरवर्षी वसंतातल्या सुट्टीत मुलांचा एक गट स्पेनमधल्या मालागाला घेऊन जात. समुद्रकाठचं शहर, बारा दिवस, सकाळी भाषेचे वर्ग, दुपारनंतर भटकंती. राहायचं मात्र तिथल्या लोकांच्या घरी, एका घरात दोघी-दोघी, आणि घरात बोलायचं ते फक्त स्पॅनिश. मुलगी आणि तिची जिवाभावाची मैत्रीण गेल्या वर्षापासून या सहलीची स्वप्नं बघत होत्या. आमच्या फ्रिजवर स्पॅनिश क्रियापदांच्या चिठ्ठ्या होत्या, बाथरूमच्या आरशावरही होत्या. दात घासताना ती आरशातल्या स्वतःला मासळीबाजाराचा रस्ता विचारायची.

पालकांची सभा शाळेच्या लायब्ररीत झाली. बाई पन्नाशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर समुद्र दाखवला, पांढऱ्या भिंतींच्या गल्ल्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "मुलं तिथे त्या घरात जे शिजेल ते खातील. खरी शाळा ती." सगळे पालक कौतुकानं हसले. मी हसले नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. ते काही प्राण्यांच्या प्रेमापोटी नव्हे. आमच्याकडे खात नाहीत म्हणून आम्ही खात नाही, एवढंच. त्यात थोडी ऐट आहे, आणि ती ऐट मी इतकी वर्षं संस्कार या नावाखाली खपवत आले आहे. नवरा ऑफिसात चिकन खातो हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे, आणि आमचं छान चाललं आहे. केकमधलं अंडंही आम्हाला दिसत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र मी कडक. तिनं कधी मागितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

सभा संपल्यावर पार्किंगमध्ये माझी एक नागपूरची मैत्रीण भेटली. तिचा मुलगा आदल्या वर्षी याच सहलीला जाऊन आला होता.

"व्हेजिटेरियन लिहू नकोस हं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे मासा भाजीतच मोजतात. माझ्या पोराला रोज ट्यूना घातलेलं सॅलड. बारा दिवस चिप्स खाऊन राहिला तो."

"मग काय लिहू?"

"ॲलर्जी लिही ना यार. सीव्हियर म्हण. ॲलर्जी म्हटलं की हे लोक टरकतात."

तिनं मला काही नवीन पाप शिकवलं असं नाही. आमच्यातले सगळेच हे करतात. हॉटेलात वेटरला "शाकाहारी" म्हटलं तर तो मान डोलावतो आणि चिकनच्या पाण्यातलं सूप आणून ठेवतो. "ॲलर्जी" म्हटलं की आतून आचारी स्वतः हात पुसत बाहेर येतो. मी कितीतरी वेळा त्या आचाऱ्याला असं बाहेर आणलं होतं. अशा वेळी मुलगी मेन्यूकार्डात डोकं खुपसून बसायची, आणि मला वाटायचं की तिला भूक लागली आहे.

फॉर्म ऑनलाइन होता. खाण्यापिण्याच्या आवडीनिवडींचा एक रकाना आणि त्याखाली ॲलर्जीचा. पहिला मी रिकामा सोडला. दुसऱ्यात लिहिलं, मांस, मासे, कोंबडी आणि त्यांचा रस्सा. पुढे सौम्य की तीव्र असं विचारलं होतं. मी तीव्रवर टिचकी मारली. अंडं यादीत घातलं नाही, तेवढा व्यवहार शाबूत होता. मुलगी मागे उभी राहून बघत होती.

"आई, दॅट्स अ लाय," ती म्हणाली.

"बारा दिवसांचा प्रश्न आहे. कुणाला लागतंय का ते?"

"पण मी सांगू शकते ना त्यांना. आय नो हाऊ टू से इट. मी मांस खात नाही, मासे खात नाही, थँक यू. मला येतं."

"तुला येतं गं. त्यांना कळायला हवं ना."

चार वर्षं ती जी भाषा शिकली, जिच्यासाठी ही सगळी सहल होती, तिच्यावर मी एका वाक्यात पाणी ओतलं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मी सबमिट दाबलं आणि कुकर लावायला गेले.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. ॲलर्जी तीव्र आहे तर नेमकं काय होतं, याआधी कधी झालं होतं, डॉक्टरांचं पत्र आहे का, असं त्या विचारत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं, की अहो नाही, आम्ही फक्त खात नाही. मी सांगितलं, की ती चार वर्षांची असताना एका वाढदिवसाला चुकून चिकनचा तुकडा तिच्या तोंडात गेला. ओठ सुजले. घसा बंद व्हायला लागला. तिच्या हातात लाल फुगा होता, तो तिनं सोडून दिला, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. गोळीनं उतरलं, पुढे कधी खाल्लंच नाही, म्हणून पत्र नाही. खोटं लिहिणारा माणूस तपशील नेहमी जरा जास्त देतो, हे मी नव्या मुलांना शिकवते. लाल फुगा कुठून आला मला माहीत नाही.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काय बेतलं असेल तुमच्यावर तेव्हा." मी म्हटलं, "हो ना." आणि खरं सांगते, तेव्हा मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

त्यांनी पालकांची सही पुरेशी मानली. आठवड्याभरात कोण कुठल्या घरी राहणार त्याची यादी आली. मुलगी आणि तिची मैत्रीण ज्या घरी राहणार होत्या त्या कुटुंबाचा समुद्रकाठी मासे भाजून विकायचा धंदा होता. तिथे तीव्र ॲलर्जीच्या मुलीला ठेवणं शक्यच नव्हतं. मैत्रीण तिथेच गेली, तिच्यासोबत दुसरी मुलगी आली, आणि आमची मुलगी एकटी, सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरी. तिनं ती मेल जेवणाच्या टेबलावर वाचली.

"इट्स फाइन," ती म्हणाली.

तिचं ते फाइन मी ओळखते. तरी मी म्हटलं, "एकटी राहिलीस तर स्पॅनिश जास्त बोलशील." तिनं लॅपटॉप मिटला आणि ताट घेऊन उठली.

सहल सुरू झाली आणि फोटो यायला लागले. कपडे वाळत घातलेली गॅलरी. बटाट्याचं जाड ऑम्लेट, पालक-छोल्यांची भाजी, टोमॅटो चोळलेला पाव. त्या बाईंचा एक फोटो होता, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा, एप्रन, आणि आमच्या मुलीच्या खांद्यावर हात. मुलगी हसत होती, दात दिसतील असं. मी ते फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "ॲलर्जीची आयडिया कामाला आली गं, थँक्स." नागपूरच्या मैत्रिणीनं अंगठा दाखवला. आणखी दोघींनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय लिहिलंस?" मी त्यांना शब्दशः पाठवलं.

नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी चहा ठेवत होते. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. शाळेतल्या बाई होत्या.

"आधी सांगते, ती ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दुपारी त्या वृद्ध बाईंनी मसूर केले होते. सुपाला चव आणायला चांदीच्या कागदातली छोटी वडी मिळते, तशी एक त्यांनी त्यात घातली. भाज्यांची वडी त्यांनी खास आणून ठेवली होती, पण खणाच्या कोपऱ्यात जुन्या डब्यातली एक कोंबडीची राहून गेली होती, आणि नेमकी तीच हाताला लागली. मुलगी दोन वाट्या जेवली. भांडी आवरताना बाईंनी तो कागद वाचला, किंचाळल्या आणि मुलीचा हात धरून तीन जिने उतरून, घरातल्या सपाता घालूनच, दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात धावत आल्या. तिथून त्यांनी आमच्या बाईंना फोन करून बोलावून घेतलं होतं.

"तिला अजून काहीही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "ती म्हणते आहे की तिला ॲलर्जी नाहीच. कधीच नव्हती. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून तुम्ही तसं लिहिलंत. डॉक्टर आत थांबले आहेत. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. हे खरं आहे का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. हो.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगते. पहिल्यांदा आलं, की कोंबडीचं पाणी तिच्या पोटात गेलं. माझी मुलगी परक्या गावात, परक्या दवाखान्यात उभी होती, आणि मला विटाळ आठवला. मग आलं, की हे आता शाळेत कुठेतरी लिहून ठेवतील. बाईंना कळेल, सहलीला मुलं पाठवणाऱ्या दहा घरांना कळेल. लाल फुगाही आठवला. तो फुगा परत कसा घ्यायचा ते मला सुचेना.

"तिला आठवत नसेल," मी म्हटलं. "फार लहान होती ती. आणि तिच्यामुळे कुणाला त्रास झालेला तिला आवडत नाही. म्हणून म्हणत असेल."

पलीकडे कुणीतरी स्पॅनिशमध्ये काही विचारत होतं.

"म्हणजे फॉर्मवर आहे ते बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग आम्ही त्याप्रमाणे करतो."

नवरा डोळे चोळत बाहेर आला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं. "काही नाही, तिच्या सुपात चिकन निघालं," मी म्हटलं. "मग चव लागली असेल बिचारीला," तो हसून म्हणाला. मी त्याच्यावर अशी काही खेकसले, की तो चहा न घेताच आंघोळीला गेला.

त्यांनी त्याप्रमाणे केलं. खबरदारी म्हणून मुलीच्या दंडात इंजेक्शन दिलं आणि चार तास तिला कॉटवर झोपवून ठेवलं. ते मला बाईंच्या मेलमधून कळलं. मुलीकडून त्यानंतर फोटो आले नाहीत. "ओके" आणि "गुड नाइट" एवढेच मेसेज आले. दमली असेल असं मी नवऱ्याला सांगितलं.

सिॲटलच्या विमानतळावर ती आली. बाबाला मिठी मारली, मला एका हातानं. गाडीत ती इंग्रजीतून बोलत राहिली, हवा, विमान, सामान, परक्या माणसाशी बोलावं तसं सगळं नीट. घरी आल्यावर तिनं बॅग उघडली आणि माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक क्रोशानं विणलेला रुमाल आणि एक पाकीट.

"फॉर यू. तिनं दिलंय. वाचून दाखवू?"

पत्र हातानं लिहिलेलं होतं, अक्षर थरथरतं. मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून एकेक ओळ वाचत होती आणि सांगत होती. त्या बाईंनी माझी क्षमा मागितली होती. तुमचं लेकरू तुम्ही माझ्या हवाली केलंत आणि मी निष्काळजी झाले, असं लिहिलं होतं. देवानं वाचवलं, माझ्या हातून वाचलं नसतं. त्या रात्रीपासून मला झोप नाही. तुम्ही मला माफ करू शकलात तर करा, नाही केलंत तरी तुमचं बरोबरच आहे. मुलीनं पत्राची होती तशी घडी केली आणि ते रुमालावर ठेवलं. माझा हात काही ते उचलायला पुढे झाला नाही.

मग ती बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि आम्हा दोघींची सुटका झाली असती.

"यू नो व्हॉट शी डिड, आई? मी यायच्या आधी तिनं सगळे लाकडी डाव फेकून दिले. नवा पॅन आणला. बारा दिवस घरात फिश नाही. तिला खावंसं वाटलं की बहिणीकडे जायची, आणि आल्यावर तोंड धुऊन, ब्लाउज बदलून मगच माझ्याजवळ बसायची. शेजारी मासे तळायला लागले की खिडकी लावून टॉवेल धरून उभी राहायची. मला वास लागू नये म्हणून."

"मग तू सांगितलं का नाहीस तिला?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायची मला हिंमत कशी झाली, मला माहीत नाही.

"रोज ठरवायचे. पण तिला तू आवडायचीस. माझ्या फॉर्मचा कागद तिनं किचनमध्ये लावला होता. म्हणायची, बघ, तुझ्या आईनं किती नीट लिहिलंय, किती जपते तुला." ती थांबली. "मग दवाखान्यात सांगितलं. ती रडत होती, माझे हात धरून. मी म्हटलं, मला काही होणार नाही, मला ॲलर्जी नाही, आई खोटं बोलली. सगळं स्पॅनिशमध्ये. एकही चूक न करता. डॉक्टरलासुद्धा पटलं होतं. तेवढ्यात टीचर फोन ठेवून आत आल्या."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

"तिनं माझे गाल असे धरले," मुलगी म्हणाली, "आणि म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून आईला खोटारडी म्हणू नकोस. असं करू नये. एव्हरीवन वॉज लुकिंग ॲट मी, आई. मग मी हात पुढे केला आणि त्यांनी इंजेक्शन दिलं."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मला नको म्हणूस," आणि कपडे धुवायला टाकायला गेली.

त्यानंतर आठवडाभर मी काही केलं नाही. ऑफिसला गेले, लोकांचे कागद तपासले. एका मुलानं तीन दिवसांच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसत होत्या, तीच शाई, अक्षरांचा तोच कल. एरवी मी त्याला उभा-आडवा सोलला असता. मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला, "एकदा बघ," म्हटलं आणि परत आले. तो बिचारा दिवसभर माझ्याकडे घाबरून बघत होता, की ही आता काय करणार.

शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मी बाईंच्या वर्गात गेले. मुलांच्या बाकावर बसले. सगळं सांगितलं, फुग्यासकट. त्या वह्या तपासत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला त्याच दुपारी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मुलांचे चेहरे बघते आहे. पण मूल एक सांगतं आणि आई दुसरं, तेव्हा मला आईचं ऐकावं लागतं. आई बरोबर असली तर?"

त्यांनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला.

"पुढच्या वर्षी कुणीतरी हाच रकाना भरेल," त्या म्हणाल्या, "आणि ते खरं असेल. मी तो वाचताना क्षणभर थांबेन. आजवर कधी थांबले नव्हते."

त्यात राग नव्हता. त्या दमलेल्या होत्या. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. मालागाच्या त्या बाईंनी कळवलं होतं, की त्या यापुढे मुलं ठेवणार नाहीत. नवरा गेल्यापासून दर वसंतात त्यांच्या घरी कुणी ना कुणी मूल असायचं. आता आपल्या डोळ्यांचा आणि हातांचा भरवसा राहिला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

घरी जाऊन मी मुलीला म्हटलं, "त्यांना व्हिडिओ कॉल लाव. मी सांगते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. परत आल्यापासून पहिल्यांदाच. "तू सांग. मी फक्त ट्रान्सलेट करीन. मी काही सोपं करून सांगणार नाही."

रविवारी सकाळी दहाला आम्ही सोफ्यावर बसलो, तिकडे संध्याकाळ होती. नवरा मुद्दाम बागेत गेला. मी जे बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, वाक्यं लहान, पळवाट नसलेली. पडद्यावर त्या बाई आल्या. त्यांनी केस नीट बांधले होते आणि कानात घातलं होतं. मुलीला बघून त्यांनी दोन्ही हात पडद्याकडे पसरले, आणि माझ्याकडे बघून लगेच मांडीवर घेतले.

मी वाचलं. माझ्या मुलीला कसलीही ॲलर्जी नाही. कधीच नव्हती. आम्ही फक्त मांसमच्छी खात नाही. ते सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही असं मला वाटलं, म्हणून मी खोटं लिहिलं. शिक्षिकेनं फोनवर विचारलं तेव्हा मी पुन्हा खोटं बोलले. माझी मुलगी खरं बोलत होती. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. क्षमा तुम्ही नाही, मी मागायची आहे.

मुलीनं प्रत्येक वाक्यानंतर ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. तिला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कुठेही अडखळली नाही. मला त्या भाषेतलं काही कळत नाही, पण ती काहीही सोपं करत नव्हती हे कळत होतं.

बाई मान कलती करून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात छातीवर ठेवला. मग बोलायला लागल्या, खूप वेळ, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, त्या मला बोलताहेत. बरं वाटलं मला. मी पाठ ताठ करून ऐकत राहिले, की बोला, हवं ते बोला.

त्या थांबल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, तू फार मोठ्या मनाची आहेस," मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. "आता कळलं म्हणे, मी कुणावर गेलेय. त्यांना वाटतंय की मी तुला बोलायला लावलं. त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून आपण दोघी खोटं बोलतोय."

"नाही, नाही. परत सांग. सांग की हेच खरं आहे. शपथ घेऊन सांग."

तिनं परत सांगितलं. मीही सोप्या, तुटक इंग्रजीत, हातवारे करून, स्वतःकडे बोट दाखवून सांगितलं. बाई हसल्या, मान हलवली, डोळे पुसले. मुलगी आणखी काहीतरी बोलली, भराभर, आवाज चढवून, आणि त्यांनी तिला थांबवून एकच वाक्य म्हटलं. मग बोटांच्या टोकांवर ओठ टेकवून ते चुंबन आमच्याकडे पाठवलं, आधी तिला, मग मला. पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या शेवटी?"

मुलीनं लॅपटॉप मिटून काखेत घेतला.

"कुठलीच आई आपल्या मुलीच्या नावापुढे असं खोटं लिहिणार नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या आईनं लिहिलं. शी वोन्ट बिलीव्ह मी." आणि ती जिना चढून तिच्या खोलीत गेली.